मिस्बाहनं सांगतलं

अनुपमा पांढरीपांडे अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. लग्न केलं नव्हतं. वडील बापूसाहेब वकिली करायचे; आई लवकर गेल्यावर बापलेक दोघंच जठारपेठेतल्या घरात राहत. परीक्षा जवळ आली की त्यांच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग पडायचा. कुणाला पेशीविभाजन अडलेलं, कुणाला आनुवंशिकता. अनुपमा दारात उभी राहून, "एकेक जण या रे," असं म्हणायची, आणि त्या म्हणण्यातला तोरा बापूसाहेबांना आतल्या खोलीत बसूनही कळायचा. अडलेल्या मुलानं पांढरीपांडे मॅडमकडे जावं, हे शहरात ठरल्यासारखंच होतं. तिलाही ते ठरलेलंच वाटायचं.

मग टाळेबंदीचं साल आलं. वसतिगृहं रिकामी झाली, मुलं आपापल्या गावी गेली. अनुपमा मोबाइलवर तास घेऊ लागली, पण रेंजचा भरवसा नसे. अर्ध्या वाक्यात मुलांचे चेहरे गोठून जात. त्या पावसाळ्यात बऱ्याच गावांत सोयाबीन उगवलंच नाही, लोकांनी दुबार पेरलं. कपाशीवर गुलाबी बोंडअळी येणार हे तर गेल्या काही सालांच्या अनुभवानं सगळे धरूनच चालले होते. मुलं शेतातल्या डवरणीच्या कामातून उठून, हात धुऊन तासाला बसत आणि तास संपायच्या आधीच कुणीतरी हाक मारली म्हणून निघून जात.

म्हणून अनुपमानं एक उपाय केला. इंटरनेटवर एक फाईल उघडली आणि तिची लिंक बारावीच्या सगळ्या मुलांना पाठवली. ज्याला जेव्हा रेंज मिळेल त्यानं तेव्हा आपली शंका तिथं लिहायची. ती उत्तर देणार, आणि उत्तर सगळ्यांना दिसणार. कोण लिहितोय त्याचं नाव रंगीत पट्टीत त्या ओळीवरच दिसायचं. दहा गावांतली मुलं एकाच कागदावर वाकून लिहितायत असं ते दिसे. अनुपमाला या कल्पनेचा अभिमान वाटला. प्राचार्यांनी इतर शिक्षकांना तिचं उदाहरण दिलं.

तिच्या वर्गात मिस्बाह नावाची मुलगी होती. बार्शीटाकळीचे इनायतुल्ला गाद्या-रजया भरायचे, त्यांची ही मुलगी. अकरावीत आली तेव्हा तिचं अर्धं बोलणं वऱ्हाडी, अर्धं उर्दू होतं, आणि ती उभी राहिली की शहरातली मुलं हसायची. अनुपमानं तिला जवळ केलं. "मले नाही, मला म्हण," असं ती वर्षभर सांगत राहिली. मिस्बाह मान हलवायची आणि पुढच्याच वाक्यात 'मले' म्हणायची. गावची बस येईपर्यंत ती प्रयोगशाळेत अनुपमाच्या मागेमागे फिरायची आणि प्रश्नांवर प्रश्न विचारायची. ही आपली मुलगी आहे, आपण घडवतोय, असं अनुपमाला वाटे.

एक दिवस अंजनगावच्या वकारनं फाईलमध्ये प्रश्न टाकला. बियाण्यातच अळी मारायचं औषध आहे असं सांगतात, तर मग अळी येते कशी? वकार हा वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा, परीक्षेत चार ओळी धड न लिहिणारा. अनुपमानं त्याला व्यवस्थित उत्तर लिहिलं. प्रतिकारक्षमता, नैसर्गिक निवड, जनुक, सगळं पुस्तकातल्या शब्दांत. थोड्या वेळानं त्याच्या खाली मिस्बाहच्या नावाची पट्टी सरकू लागली.

"वकार, घरात मच्छरची अगरबत्ती लावली का बाकीचे मच्छर मरतात. जे नाइ मरत, त्याहिचेच पोरं पुढं घरात राहतात, मंग अगरबत्तीचा काई उपयोग नाइ. अळीचं तसंच हाये. बियाण्यातल्या जहरानं ज्या अळ्या मेल्या नाइत, त्याहिचीच औलाद आता बोंडात बसून राहिली."

खाली एकापाठोपाठ एक नावं उमटली. "समजलं." "आता समजलं." वकारनं लिहिलं, "आता बराबर समजलं."

अनुपमा त्या 'आता'कडे पाहत राहिली. मग तिनं मिस्बाहच्या ओळीत जाऊन 'त्याहिचेच'चं 'त्यांचीच' केलं आणि 'जहर' खोडून 'विष' लिहिलं.

त्या दिवसापासून फाईलची तऱ्हा बदलली. मुलं एकमेकांना विचारू लागली, एकमेकांची उत्तरं दुरुस्त करू लागली. मिस्बाहनं खाली एक नवीन पान जोडलं आणि त्याला नाव दिलं, 'आपल्या वावरातली अळी'. कृषी सहायकाकडून कामगंध सापळे मिळत होते. त्यात मादीच्या वासाची एक छोटी गोळी असते, त्या वासानं नर पतंग येऊन अडकतात. ज्यांच्या घरी कपाशी होती त्यांनी सापळे लावले. मिस्बाहच्या घरचं शेत नव्हतं, तिनं मामाच्या शेतात लावला. कुठे किती पतंग अडकले ते सगळे त्या पानावरच्या तक्त्यात भरत. पतंग नर की मादी कसं ओळखायचं, अंडं ते पतंग व्हायला किती दिवस लागतात, हे कुणी न सांगता मुलं पुस्तकातून शोधून काढत होती. चार ओळी न लिहिणारा वकार पानं भरून लिहीत होता.

अनुपमाला हे सगळं दिसत होतं. हेच खरं शिकणं, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबत होतं. इतक्या वर्षांत वकारसारख्याला तिला बोलतं करता आलं नव्हतं. चहा घेता घेता ती फाईल उघडायची आणि वरच्या कोपऱ्यात कोणाकोणाची नावं दिसतायत ते पाहायची. मिस्बाहचं नाव दिसलं की तिचं मन कडू व्हायचं. दिसलं नाही की ही कुठे गेली असं वाटून पुन्हा उघडायची. कोणी आपल्या उत्तराखाली काही लिहिलंय का, हे शोधायची. तिच्या उत्तराखाली मुलं 'धन्यवाद मॅडम' लिहीत. मिस्बाहच्या उत्तराखाली भांडत, विचारत, चिडवत.

तासाच्या शेवटी तिनं एकदा नेहमीसारखं विचारलं, कुणाला काही शंका? सगळे गप्प. तिनं पुन्हा विचारलं. प्रजननाचा अवघड धडा होता, दरवर्षी या धड्याला व्हरांडा भरायचा.

"नाइ मॅडम," कुणीतरी म्हणालं. "मिस्बाहनं सांगतलं."

अनुपमानं फोन उपडा ठेवला. संध्याकाळी स्वयंपाक करताना तिच्या हातून भाजी करपली. बापूसाहेबांनी विचारलं तर तिनं रेंजला दोष दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन मुलांचं लिहिणं बंद केलं. आता त्यांना फक्त वाचता येणार होतं. वर तिनं सूचना लिहिली: 'चुकीची माहिती पसरू नये म्हणून यापुढे शंका मला फोनवर विचाराव्यात. मी तपासून येथे लिहीन.' सूचना लिहिताना आपण कर्तव्य करतोय असं तिनं स्वतःला पटवलं. फाईल एकदम शांत झाली. रंगीत पट्ट्या नाहीशा झाल्या. अनुपमाला फार दिवसांनी बरं वाटलं, आणि ती फोनची वाट पाहू लागली.

फोन आले नाहीत. एक-दोन मुलांनी परीक्षेच्या तारखा विचारल्या तेवढंच. मिस्बाहचा तर फोनच नाही. आधी अनुपमाला वाटलं, मुलं शेतात अडकली असतील, वेचणी सुरू झाली आहे. मग दिवाळीनंतरच्या एका तासाला वकार पतंगाच्या जीवनक्रमावर असं काही सविस्तर बोलला, की तिनं विचारलं, हे कुठे वाचलंस? तो भोळेपणानं म्हणाला, "नव्या फाईलीत हाये ना, मॅडम."

अनुपमानं लिंक मागितली आणि त्यानं पाठवली.

तास संपल्यावर तिनं ती लिंक उघडली. पडद्यावर पांढरं पान आलं. ही फाईल पाहण्याची आपल्याला परवानगी नाही, मालकाकडे परवानगी मागा. खाली निळं बटण होतं आणि मालकाच्या जागी मिस्बाहचं नाव.

तिनं बटण दाबलं नाही. 'मला' म्हणायला जिला शिकवलं, तिच्याकडे आता परवानगी मागायची? तो आठवडा ती घरात कुणाशी धड बोलली नाही. दिवसातून कितीतरी वेळा ते पांढरं पान उघडायची आणि बंद करायची. आत मुलं काय बोलत असतील, आपल्याविषयी बोलत असतील का, या विचारानं तिचं लक्ष कशातच लागेना. आपण मिस्बाहसाठी काय काय केलं ते ती मनात उगाळत बसायची, आणि प्रत्येक गोष्ट आठवली की जळफळाट वाढायचा.

शेवटी तिनं ते बापूसाहेबांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या हाताखाली शिकलेला नत्थुजी वेगळा झाला, तेव्हा माझी अर्धी पक्षकार मंडळी त्याच्याकडे गेली. त्याच्या केसेस पडाव्यात असं मला वाटायचं. मोठ्यानं म्हणत नव्हतो, पण रोज वाटायचं."

"मग?"

"मग काय? त्याच्या केसेस पडल्या नाहीत." त्यांनी ताक ओढून घेतलं. "आणि मला त्याच्याशी बोलायची सवय राहिली नाही. वाईट त्याचं वाटतं."

डिसेंबरमध्ये मिस्बाहचा फोन आला. अमरावतीला विभागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांची प्रकल्प स्पर्धा होती. मुलांना बोंडअळीचा प्रकल्प पाठवायचा होता, पण मार्गदर्शक शिक्षकाचं नाव हवं होतं. मिस्बाहनं अदबीनं विचारलं. मॅडम, आम्ही तुमचं नाव टाकू का?

अनुपमाचा आवाज कोरडा झाला. जे काम आपण पाहिलंच नाही, ज्या फाईलमध्ये आपल्याला येऊसुद्धा दिलं नाही, त्याला आपण नाव कसं देणार, असं ती म्हणाली.

पलीकडे कुठेतरी कापूस पिंजायचं यंत्र घरघरत होतं.

"मॅडम," मिस्बाह म्हणाली, "तुमी मागतलंच नाइ. मी रोज पाहून राहिली होती, तुमी कवा मागता म्हणून."

फोन ठेवल्यावर अनुपमानं लिंक उघडली आणि निळं बटण दाबलं. खुर्चीतून उठायच्या आत परवानगी आली.

दुपारभर ती वाचत होती. तिच्या बंद केलेल्या फाईलपेक्षा ही कितीतरी मोठी झाली होती. गावागावांचे तक्ते, बोंडांचे फोटो, शेजारच्या शेतकऱ्यांशी झालेली बोलणी, त्यावर मुलांचे वाद. तिच्याविषयी कुठे अवाक्षरही नव्हतं. एके ठिकाणी तर मिस्बाहनं लिहिलं होतं, हे पांढरीपांडे मॅडमनी अकरावीत शिकवलं होतं, वही पाहा. अनुपमाला ते वाचून बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, उपकार केल्यासारखं लिहिलंय.

आणि मग तिला चूक दिसली.

तीन गावांत नोव्हेंबरमध्ये पतंग एकदम कमी झाले होते. त्यावरून मुलांनी निष्कर्ष काढला होता की त्या गावांत अळी आटोक्यात आली, कारण तिथे लवकर निंबोळी अर्क फवारला होता. पण सापळ्यातल्या गोळीचा वास काही आठवड्यांत उडून जातो, ती बदलावी लागते. त्या तीन गावांत गोळी बदलल्याची नोंदच नव्हती. वास उडाला म्हणून पतंग येईनासे झाले. अळी बोंडांत होती तिथेच होती. सगळा निष्कर्ष या एका गोष्टीवर कोसळत होता, आणि कोणताही परीक्षक हे पहिल्या फटक्यात विचारणार होता.

अनुपमा खुर्चीत मागे टेकली. कितीतरी दिवसांनी तिला आतून हलकं वाटलं. माझ्याशिवाय चाललंय ना, मग चालू द्या. तिनं मिस्बाहला कळवलं, काम चांगलं आहे, माझं नाव टाका. चुकीबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती फाईल उघडून बसली होती. आता ती रोजच बसायची. अचानक वकारच्या नावाची पट्टी त्याच तक्त्यावर येऊन थांबली. त्याचं गाव त्या तिनांतलं एक होतं.

"माह्या सापळ्यात पतंग नाइ," त्यानं लिहिलं, "पण आज मी हिरवे बोंडं फोडून पाहिले तर अर्ध्याच्या वर बोंडांत अळी हाये. मंग कमी झाली कशी?"

पाहता पाहता सगळ्या रंगांच्या पट्ट्या त्या एका ओळीभोवती गोळा झाल्या. एकीनं लिहिलं, सापळा फाटला असेल. दुसऱ्यानं लिहिलं, थंडीनं असेल. मिस्बाहनं विचारलं, गोळी कवा बदलली? वकारनं लिहिलं, गोळी बदलावी लागते काय? मग थोडा वेळ पट्ट्या नुसत्या लुकलुकत राहिल्या. काय झालंय ते सगळ्यांना एकदमच कळलं होतं. आपल्या डोळ्यांदेखत दहा डोकी एका चुकीपर्यंत पोचताना अनुपमा पाहत होती, आणि तिच्या मुठीतली एकुलती एक गोष्ट सुटून चालली होती.

"मॅडमचं नाव वर दिसून राहिलं," मिस्बाहनं लिहिलं. "मॅडम, आमचं बराबर हाये का? का गोळीनंच झालं?"

अनुपमानं लिहायला सुरुवात केली. 'हो, मला आत्ताच', एवढं लिहून तिनं खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. ती अक्षरं उमटताना आणि पुसताना सगळ्यांना दिसतायत, हे तिच्या मागाहून लक्षात आलं. आता आडोसा उरला नव्हता.

"गोळीनंच झालं," तिनं लिहिलं. "मला ते परवाच दिसलं होतं."

पहिलं लिहिलं ते वकारनं. त्याच्यात छक्केपंजे नव्हते.

"मंग सांगतलं काहून नाइ?"

समोरची पट्टी तिच्याच नावाची, रिकाम्या ओळीवर उघडमीट करत होती. उत्तर तिला माहीत होतं, पण ते सगळ्या वर्गासमोर लिहिणं तिला जमेना.

"जाऊ दे वकार," मिस्बाहनं लिहिलं. "तू आंधी गोळी लावल्याची तारीख टाक. बाकीच्याइनं बी टाका."

मुलं कामाला लागली. अनुपमाला फाईल बंद करावीशी वाटली, पण बंद केली तर पुन्हा उघडायचं तोंड उरणार नाही, हेही कळत होतं. ती बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं एक ओळ लिहिली: ज्या गावांत गोळी बदलली नाही ती वेगळी काढा, सगळीकडची हिरवी बोंडं फोडून मोजा आणि त्यावर निष्कर्ष काढा, सापळ्यावर नको. मिस्बाहनं 'हो मॅडम' लिहिलं. त्या दोन शब्दांत पहिल्यासारखी ऊब नव्हती. फक्त होकार होता.

जानेवारीत स्पर्धा झाली. मोजक्याच लोकांना येऊ देत होते. एका जीपमध्ये अनुपमा, मिस्बाह, वकार आणि मुलीला एकटं कसं पाठवायचं म्हणून पुढच्या सीटवर इनायतुल्ला, असे अमरावतीला गेले. रस्त्यानं दोन्हीकडे लोक अर्धी बोंडं फुटलेली कपाशीची पऱ्हाटी उपटून टाकत होते. उन्हाळी भुईमूग तरी हाताला लागेल म्हणून.

परीक्षकांनी विचारलं, ही तीन गावं वेगळी का काढली?

"आमची चूक झाली होती, सर," मिस्बाह म्हणाली. बोलताना ती 'मले' म्हणत होती, 'त्याहिले' म्हणत होती, आणि परीक्षक पुढे झुकून ऐकत होते. "गोळी जुनी झाली होती. आम्हाइले वाटलं अळीच कमी झाली. वकारनं बोंडं फोडून पाहिले, तवा समजलं." ती तेवढ्यावर थांबली. मॅडमना आधी माहीत होतं, हे तिनं सांगितलं नाही. मागच्या ओळीत बसलेल्या अनुपमाचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी, वकारचं नाव घेतलं, माझं घेतलं नाही, असंही तिच्या मनात आलंच.

त्यांना दुसरा क्रमांक मिळाला.

परतताना मूर्तिजापूरजवळ चहाला गाडी थांबवली. इनायतुल्ला आणि वकार टायर बघत होते. बाकावर अनुपमा आणि मिस्बाह दोघीच होत्या. मिस्बाहनं मास्क हनुवटीवर ओढला आणि बशीत चहा ओतला.

"मॅडम, तुमी माह्यावर रागावल्या होत्या का?"

"राग नव्हता," अनुपमा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मत्सर होता, मिस्बाह. मुलं मला सोडून तुला विचारायला लागली, ते मला सहन झालं नाही. म्हणून फाईल बंद केली. आणि ती चूकही म्हणूनच सांगितली नाही."

मिस्बाह बशीकडे पाहत राहिली. "जलन?"

"हो. जलनच."

"मले वाटलं, आमचंच काई चुकलं. मी किती रोज इचार केला, का मी असं काय लिहिलं." तिच्या आवाजात पहिल्यांदाच नाराजी आली. अनुपमानं ती ऐकून घेतली. मिस्बाहनं चहा संपवला, आणि मग खाली पाहूनच म्हणाली, "पण वकारनं चूक पकडली ना, मॅडम, तवा मले बी झाली. मी इतकं करून राहिली होती, आणि यानं एक बोंड फोडलं न् सगळे त्याच्याच मागं. मंग पुढचे दोन रोज त्याच्या ओळीले मी उत्तरच नाइ देल्लं."

अनुपमाला हसू आलं. मिस्बाहही हसली, पण लवकर थांबली. दोघींमध्ये सगळं पूर्ववत झालं असं काही नव्हतं. बोलता येत होतं, इतकंच.

गाडीत बसताना मिस्बाह म्हणाली, परीक्षा झाली की आम्ही जाणार, पण फाईल चालू राहायला पाहिजे, पुढच्या हंगामातही गावागावांतून मोजायला पाहिजे. "कोणाच्या नावावर करून देऊ, मॅडम? तुमच्या करू का?"

अनुपमाच्या तोंडावर 'हो' आलं होतं. हीच गोष्ट तिला दिवाळीपासून हवी होती.

"अकरावीतल्या कुणाच्या तरी कर," ती म्हणाली. "मला फक्त आत राहू दे."

मिस्बाहनं मान हलवली आणि तिथेच मोबाइल काढून ती लिहू लागली. अकोला येईपर्यंत अनुपमाला आपल्या बोलण्याचा दोनदा पश्चात्ताप झाला, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.